पाडवा ते पाडवा: ३२ गुंठ्यात चौघांचं जेवण पिकवायला गेलो त्याचा पूर्ण हिशेब

२२ जून २०२३, गुरुवार. सकाळी बायकोने तांदळाच्या पिंपात माप घातलं आणि ते तळाला जाऊन खडखडलं. मी ओट्यावर बसलो होतो, तो आवाज मला बाहेर ऐकू आला. समोर तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, पिवळा पडलेला, कारण पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकून बसला, मुंबईला पोचायला त्याला २५ तारीख उजाडली. म्हणजे बाहेर पाऊस नाही, आत तांदूळ नाही, आणि लावणीचे सगळ्यात जास्त भुकेचे पंधरा दिवस पुढे उभे. दुपारी मी बाजारात जाऊन २५ किलोची गोणी आणली आणि वहीत लाल पेनाने लिहिली. त्या दिवशी प्रयोग मोडला असं म्हणायचं तर म्हणा, माझ्या मते खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

आता मुळापासून सांगतो.

दापोली तालुका, हर्णै बंदरापासून गाडीने अर्धा-पाऊण तास आत. वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली आमच्या ताब्यात वापरायला आहे ती ३२ गुंठे: घर-खळं-गोठा मिळून ४, भातखाचरं १२, माडाची-आंब्याची बाग ८ आणि वर डोंगराकडे वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, ८. विहीर एक, एप्रिलअखेर तळ दाखवते. माती जांभ्याची, आणि साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस दरवर्षी तिला धुवून काढतो, त्यामुळे 'काळी आई' वगैरे आमच्याकडे म्हणायची सोय नाही, आमची तांबडी आणि हट्टी. घरात माणसं चार. मी, आधी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्सला होतो. बायको, माहेर सोलापूरकडचं. आई, वय ७८. आणि मुलगी, तेव्हा आठवीत.

ही खाज कुठून आली तर दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांतून. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, प्रयोग परिवारवाले, त्यांची मांडणी होती की पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यात नीट जगू शकतं, पानापानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवला आणि माती आधी तयार केली तर. यातलं 'तर' मी वाचलं नाही, दहा वाचलं. माझ्याकडे तर तिप्पट जमीन होती! विनोबांनी १९५० मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैशाशिवाय स्वतःच्या कष्टावर जगायचा, तेही डोक्यात होतं. पण तिथे आश्रमातले तरणेबांड साधक कुदळ मारायला होते, आमच्याकडे कुदळ मारायला मी, तोही कंबरेला पट्टा बांधून.

नियम साधा ठेवला. मीठ सोडून खायचं काही विकत घ्यायचं नाही, घेतलंच तर वहीत लाल पेनाने लिहायचं, कारण आणि तारखेसकट. मी हे जाहीर केलं तेव्हा आई सुपात वाल पाखडत होती, मान वर न करता म्हणाली, "मीठ तेवढं कशाला सोडतोस, तेही लाव की एका खाचरात." तेव्हा मला तो नुसता टोमणा वाटला.

वही सुरू केली दिवाळी पाडव्याला, २६ ऑक्टोबर २०२२. हिशेबाच्या माणसाला वर्ष पाडव्यापासूनच सुरू झाल्यासारखं वाटतं, पण इथे पहिलीच चूक झाली, ती अशी की २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. पाडवा ते पाडवा म्हणजे ३६५ नाही, ३८४ दिवस! अकाउंट्सचा माणूस आणि तेरावा महिना धरायला विसरला, आई अजून हसते.

भातापासून सांगतो कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. बारा गुंठ्यात कर्जत-३ जातीचं भात लावलं होतं, हळवं, म्हणजे दसऱ्याच्या आसपास तयार. त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीला टेकला तरी हलत नव्हता, ऑक्टोबरभर रोज दुपारी काळं करून यायचा. भात पिकून आडवं पडलं, खालच्या खाचरात तर लोंब्यांना उभ्या उभ्या कोंब आले. दोन उन्हं मिळाली की कापायचं, ओलंच घरात आणायचं, आणि मग पडवीत, माळ्यावर, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर, जिथे सपाट जागा दिसेल तिथे पसरायचं. दोन रात्री मी पंख्याखाली भात हलवत बसलोय, अर्धवट वाळलेल्या भाताला एक आंबूस उबट वास येतो, तो नाकात बसला की झोप लागत नाही.

शेवटी मोजलं ते ३७२ किलो भात. गुंठ्याला ३१. सहा किलो बियाण्याला बाजूला काढलं, बाकी गिरणीतून भरडून आणलं तर २३४ किलो तांदूळ. आम्हा चौघांना, येणारे-जाणारे धरून, रोज सरासरी एक किलो लागतो. २३४ किलो म्हणजे २३४ दिवस. एक नोव्हेंबरपासून मोजा, २२ जूनला येऊन थांबता. मी हे गणित नोव्हेंबरातच करू शकलो असतो, पाचवीतलं आहे, पण भरलेली कणगी समोर असताना माणूस भागाकार करत नाही.

आईला विचारलं की तुमच्या काळी कसं पुरायचं, तर ती म्हणाली पुरायचं कुठे! आषाढ-श्रावणात नाचणीची आंबील, कणगर-करांद्यांसारखे कंद, कुळथाची पिठी, आणि भात दिवसातून एकदाच, तोही कामावर जाणाऱ्याला आधी. आम्ही आज जो 'पूर्वी सगळं घरचं होतं' म्हणतो त्यात हे दोन-तीन महिने कोणी धरत नाही. शिवाय त्यांच्याकडे तेल मापाने नाही तर पळीने मोजायचे आणि चहा-साखर पाहुण्यांसाठी. आणि घरातलं एक माणूस मुंबईला गिरणीत, त्याची मनीऑर्डर महिन्याच्या महिन्याला. स्वयंपूर्ण वगैरे कोणी नव्हतंच.

भाजीबद्दल थोडक्यात सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे, ती येते. दुधी, पडवळ, भेंडी, वांगी, माठ, मुळा, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा, अळू तर सांडपाण्यावर आपोआप. पावसाळ्याच्या तोंडाशी टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, काही न लावता. वर्षभरात चारशे किलोच्या आसपास भाजी झाली, लोकांना वाटली तरी उरली. फोटो सगळे भाजीचेच, भावकीच्या ग्रुपवर टोपलीभर भाजीचा फोटो टाकला की वीस अंगठे. पण मी पुढे जाऊन सगळ्याचे कॅलरीत आकडे मांडले तेव्हा ही चारशे किलो भाजी आमच्या वर्षाच्या गरजेच्या चार टक्के निघाली. चार! मला परत परत बेरीज करावीशी वाटली.

ते गणित असं. चौघांना रोज साधारण आठ हजार कॅलरी धरल्या, म्हणजे ३८४ दिवसांना तीस लाख सत्तर हजार. तांदळातून आले आठ लाख वीस हजार. आणि दुसऱ्या नंबरला कोण असेल? नारळ. साडेपाच लाखाच्या वर. ज्याला आम्ही नुसता वाटणाचा जिन्नस समजतो त्याने आम्हाला जगवलं. मग कडधान्यं सव्वादोन लाख (वाल ३१ किलो, कुळीथ २२, चवळी ९, बांधावरची तूर ६), दूध दोन लाख, कंदमुळं एक लाख साठ, आंबा-फणस-केळी दीड, नाचणी एक पस्तीस, भाजी एक वीस, भुईमूग अर्धा लाख, त्याची कथा पुढे आहे, आणि अंडी तीस हजार. बेरीज साडेचोवीस लाखाच्या आत. ऐंशी टक्क्यांजवळ जाते, भारी वाटतं ना ऐकायला? थांबा, गायीवर येऊ द्या.

पण आधी माड. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं त्याआधी आमच्याकडे तेवीस माड होते, त्या एका दुपारी नऊ गेले, काही मुळासकट, काही मधोमध मोडून. राहिले चौदा, त्यातले धरते अकरा. वर्षाला ६८४ नारळ उतरले. साठेक माकडांनी आणि उंदरांनी कोवळे पाडले ते यात नाहीतच. काढणाऱ्याची मजुरी नारळातच ठरलेली, ती आणि देणंघेणं मिळून १२० गेले. रोज एक स्वयंपाकाला, म्हणजे ३८४. राहिले १८०, त्यांचं खोबरं वाळवून घाण्यावर नेलं. एका नारळाचं दीडशे ग्रॅम सुकं खोबरं धरा, २७ किलो झालं, त्याचं साडेसतरा लिटर तेल आलं.

आता तेल आलं म्हणजे प्रश्न सुटला पाहिजे. नाही सुटला. बायकोने पहिल्या दिवशी खोबरेल तेलात मोहरी टाकली आणि म्हणाली, "अहो, केसांची आठवण येते." माशाच्या कढीला, उसळीला, काजूच्या भाजीला चाललं, नंतर आवडायलाही लागलं. पण थालीपिठाला, पिठल्याला, शेंगदाण्याच्या चटणीला नाहीच. सोलापूरच्या माणसाला शेंगतेल सोडायला सांगणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ सोडायला सांगणं, ते मी मान्य केलं आणि तेल महिन्याला तीन लिटरवरून सव्वादोनवर आणलं तरीही अकरा लिटर लाल पेनात गेलंच.

म्हणून भुईमूग लावला होता. उन्हाळी, तीन गुंठे, विहिरीचं पाणी एक दिवसाआड. फेब्रुवारीत सरी काढल्या, मार्चात फुलं, एप्रिलात आऱ्या, म्हणजे शेंग धरणारे दांडे, जमिनीत गेल्या, झाड उपटून बघितलं तर शेंगा पांढऱ्या दुधाळ. पंधरा दिवस थांबायचं होतं. मी हिशेब करून ठेवलेला, पंचेचाळीस ते पन्नास किलो वाळलेल्या शेंगा, एक लिटर तेलाला साडेतीन किलो शेंग धरली तर तेरा-चौदा लिटर. म्हणजे पुरलं असतं बघा. एका रात्री डुकरं आली. कुंपणाला साडी बांधलेली, बाटल्या टांगलेल्या, त्यांच्या खालून नांगरल्यासारखा चर काढून आत. सकाळी गेलो तर तीन गुंठ्यांतली जेमतेम एक कडा उभी, बाकी माती भुसभुशीत, त्यात सोललेली टरफलं अशी पसरलेली की वाटावं कोणीतरी पंगत बसवली होती. मी बांधावर किती वेळ बसलो माहीत नाही. आई येऊन बघून गेली, एवढंच म्हणाली, "वरकसावर कोणी शेंग लावत नव्हतं, उगाच नाही." उरलेल्या कडेतून १४ किलो शेंगा आल्या, त्याची चटणी झाली आणि थोडं बियाणं.

हे आधी विचारायला पाहिजे होतं का तर हो. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी काय लावणं सोडलंय याची यादी करणं हे माती परीक्षणाइतकंच महत्त्वाचं आहे असं आता वाटतं. आमच्याकडे माकडांमुळे लोकांनी केळी, पपई, दुधी वाड्याबाहेर लावणं सोडलंय, डुकरांमुळे रताळी सोडलीत. सुरण मात्र लोक लावतात, आणि आमच्याकडेही त्याला कोणी तोंड लावलं नाही. मेच्या शेवटी बागेत माडांच्या मधे खड्डे करून शेणखत-पातेरा (वाळका पाला) भरून सुरणाचे तुकडे पुरले, पावसाने बाकी सगळं केलं, एकेक कंद तीन-चार किलोचा. सुरण, कणगर, करांदे, घरालगत थोडी रताळी, मिळून १६० किलो निघाले. मेहनतीच्या मानाने याच्याइतकं स्वस्त अन्न मी पिकवलं नाही, आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या माझ्या आराखड्यात कंदमुळं नव्हतीच, ब्रोकोली होती. हसा.

आता गाय. कोकण कपिला, अंगाने लहान, डोंगर चढणारी, दूध दीड लिटर, तेही सहा-सात महिने. घरात दूध, ताक, आठवड्याला वाटीभर लोणी, आणि शेण तर सोनंच, सगळं खरं. पण तिला रोज पाच किलो सुकी वैरण लागते, म्हणजे वर्षाला अठराशे-एकोणीसशे किलो. आमच्या बारा गुंठ्यांचा पेंढा साडेचारशे. बाकी गवत मी आणि शेजारी मिळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसऱ्यांच्या डोंगरावरून कापून आणलं, काही विकत घेतलं, वर दूध देत होती तोवर सरकी पेंड. आणि इथे मी एक लबाडी केली ती कबूल करतो: पेंड मी 'गोठा' या खात्यावर टाकली, 'अन्न' या खात्यावर नाही. निळ्या पेनाने! मुलीने ती पकडली, तिला शाळेत अन्नसाखळी शिकवत होते, म्हणाली, "बाबा, गायीने खाल्लेलं विकतचं आणि आपण प्यायलेलं घरचं, असं कसं?"

तिचं बरोबर होतं. दुधाचे दोन लाख बाजूला काढले, मे महिन्यात मुंबईहून आलेली अकरा माणसं नऊ दिवस जे जेवली ते वजा केलं, तर ऐंशी टक्क्यांचे सत्तरच्या खाली येतात. त्यात माहेरून आलेली ज्वारी, चाळीस किलो, मी 'भेट' म्हणून लिहिलीय, बायकोचं म्हणणं माहेरचं ते विकतचं नव्हे, मी वाद घातला नाही. गाय वर्ष संपता संपता वाडीतल्याच एकाकडे दिली, त्याच्याकडे गुरं आहेत आणि मोठं वरकस आहे, बदल्यात वर्षाला दोन ट्रॉली शेणखत आणि सणाला दूध. एका गायीला ३२ गुंठे अपुरे पडतात आणि तेवढ्यातच चार माणसंही जगवायची असतात, हे गणित कागदावर जुळत नाही.

कोंबड्यांबद्दल लांबण लावत नाही. नऊ गावठी, तीन मुंगसाने नेल्या, अंडी ४१०, खाणं म्हणजे गिरणीतली कणी, घरातलं उष्टं आणि वाळवी. ठीक चाललं.

वहीतल्या दुसऱ्या मोठ्या चुकीवर येतो, आणि ही मी नाही, बायकोने शोधून काढलेली. मी रोज कामाचे तास लिहायचो, खाचर, बाग, विहीर, कुंपण. जानेवारीत एका रात्री तिने वही ओढून घेतली, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि पलीकडे लिहिलं 'घरात आल्यावर'. दुसऱ्या दिवसापासून ती तिचे आणि आईंचे तास भरायला लागली. फेब्रुवारीच्या एका आठवड्याचा रकाना समोर आहे: वाल झोडणे-पाखडणे, कुळीथ निवडणे, तूर भिजवून वाळवून जात्यावर भरडणे, खोबरं कापून वाळत घालणे आणि संध्याकाळी परत आत घेणे, नाचणी धुऊन वाळवून दळायला नेणे, वाल राखेत घोळवून मडक्यात भरणे. दोघींचे मिळून ३१ तास. रोजचा स्वयंपाक सोडून! त्याच आठवड्यात माझे शेतातले तास होते २६.

मी 'पिकवतो' म्हणून मिरवत होतो, आणि जिन्नस पोत्यातून ताटात येईपर्यंतचं काम माझ्या हिशेबातच नव्हतं. एक वाटी डाळिंब्यांचं बिरडं घ्या: वाल रात्री भिजवा, सकाळी उपसा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात घाला, मग एकेक बी चिमटीत धरून सोला. चौघांना पुरेल एवढं सोलायला आईला पाऊण तास लागतो आणि तिचा हात वाडीत सगळ्यात चटकन चालतो. आई आणखी पाच वर्षांनी हे करू शकेल का? मी नंतर सोलायला बसलो, निम्मे दाणे चिरडले.

साठवणीत नुकसान झालं ते असं. तांदळात किडे नाही झाले फारसे, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकण पुरलं. चवळीला भुंगा लागला, नऊ किलोतली तीन कोंबड्यांना. राखेत ठेवलेले वाल मात्र पावसाळा संपेपर्यंत जसेच्या तसे. भोपळे वाशाला टांगले ते श्रावणापर्यंत टिकले. फणसाच्या आठळा मातीत घोळवून कोपऱ्यात ढिगाला लावल्या, जुलै-ऑगस्टात जेव्हा भाजीला दुसरं काही नव्हतं तेव्हा आमटीत. आमसुलं, आगळ, आंबोशी, काजू यांची वाण पडली नाही. कांदा १९ किलोच झाला, ४५ विकत घेतला. मिरची पावसात कुजली, सुकी लाल मिरची चार किलो विकत. साखर पहिले अडीच महिने बंद होती, संक्रांतीला सुरू झाली, २२ किलो. चहा पावडर, गवती चहावर भागवायचं ठरलेलं, ते आठ दिवस टिकलं, त्याबद्दल जास्त बोलायला नको. तांदूळ अखेर तीन गोण्या, ७५ किलो. एका शेजाऱ्याने मला खाचरात चिखलात बघून विचारलं होतं, "रेशनवर यंदा फुकट मिळतोय, आणि तू कुठे कंबर मोडून घेतोस?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त हसलो. तो स्वतःही खाचर पडीक ठेवत नाही, हे त्याला विचारायला हवं होतं.

मासे हा आमच्या नियमातला खड्डा होता आणि तोच सगळ्यात चांगला भरला गेला. समुद्र आपल्या ३२ गुंठ्यात येत नाही, आणि चौघांतले तिघे मासे खाणारे. हर्णैवरून पाट्या घेऊन एक मावशी वाडीत येतात, आईची आणि त्यांची तीस वर्षांची ओळख. आईने पहिल्याच महिन्यात परस्पर ठरवून टाकलं: नारळ घ्यायचे, सुकट-बोंबील द्यायचे. पैसे नाहीत. मी विचारलं भाव कसा काढणार, मावशी म्हणाल्या, "भाव कसला, तुझी आय जानते." मी वहीत रकाना पाडला, पण खरा हिशेब त्या दोघींच्या डोक्यात असतो, माझा कधी जुळत नाही. नारळाचे जे १२० 'देणंघेणं' वर लिहिले त्यातले बरेचसे तिकडे गेले. पुढे हाच मार्ग आम्ही लावणीला वापरला, बारा गुंठे दोघांनी लावायला आठवडा लागला असता, चार घरं मिळून आज त्यांच्याकडे उद्या आमच्याकडे असं केलं तर दीड दिवसात आटोपलं, उशिरा आलेल्या पावसाने वाया गेलेले दिवस त्यात भरून निघाले. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, देशभरात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा, तरी आमच्या खालच्या खाचरात ओल टिकली कारण तरवा वेळेत जमिनीत गेला होता.

म्हणून एका घरापुरतं सगळं पिकवायचा माझा जो हट्ट होता तो मी सोडलाय. प्रयत्न सोडलेला नाही, मोजमाप बदललंय. वाडीत सोळा घरं आहेत, कोणाकडे गुरं, कोणाकडे बारमाही पाणी, कोणाकडे माणसं, एकाकडे तर ऊस होतो आणि तो होळीआधी काकवी करतो, आणि मी त्याच्यापासून दोनशे मीटरवर राहून साखरेचा हिशेब लाल पेनाने लिहीत होतो.

२०२३ च्या पाडव्याला, १४ नोव्हेंबरला, नवी वही काढली. हळवं भात ऑक्टोबरातच घरात आलं होतं, या वेळी ऊन मिळालं, भात ४०५ किलो. तीन गुंठे भुईमूग रद्द, त्याऐवजी खाचरात भात निघाल्यावर कुळीथ आणि वाल, दोन्ही दवावर येतात, पाणी लागत नाही. सुरण दुप्पट. नवीन माड आठ लावलेत, ते धरायला लागतील तेव्हा मुलगी पदवीधर झालेली असेल. तांदळापैकी रोज किलो नाही, पाऊण, आणि आठवड्यात तीन संध्याकाळी भाकरी, हे नोव्हेंबरपासूनच, जूनमध्ये जाग आल्यावर नव्हे. तेल, मीठ, चहा, साखर, कांदा हे नियमाबाहेर, त्यांच्यासाठी लाल पेन नाही.

पहिल्या पानावर रेघ या वेळी बायकोनेच आधी मारली, डावीकडे 'शेतात', उजवीकडे 'घरात', आणि उजव्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पहिली नोंद मात्र आईने सांगितली, मी लिहून घेतली: मावशींचे अकरा नारळ बाकी.